आपण सातला निघू

मैत्रिणीच्या घरी बाथरूम एक आणि माणसं चार, म्हणून तिनं पहिल्याच दिवशी फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं होतं. हॉस्टेलवर असताना आमच्या मजल्यावरच्या आंघोळीच्या पाळ्या हीच ठरवायची, तेव्हापासून तिचं नाव मॉनिटर. पंचवीस वर्षं परदेशात काढली, केस पांढरे झाले, तरी तिच्यातली मॉनिटर काही रिटायर झालेली नाही. 'सात पाच ते सात वीस, पाहुणे पुरुष' असं तिनं लिहिलं होतं. पाहुणे पुरुष म्हणजे आमचे हे, आणि सात पंचविसालाही ते आत गाणं म्हणत दाढी करत होते.

येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. सोमवार होता. मी ओट्याशी चहा गाळत होते. मॉनिटरनं टेबलावर नकाशा पसरला होता आणि त्यावर पेन्सिलीनं आमचा आठवडा आखत होती. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, म्हणजे भावोजींनी, आमच्यासाठी रजा काढली होती. रोज सकाळी निघायचं, किनाऱ्यावरची एकेक जागा बघायची आणि संध्याकाळी घरी, असा बेत होता. भावोजी एका पायात मोजा घालून दुसरा शोधत फिरत होते.

"अगं, काल दोन होते."

"मोजे दोनच असतात," ती मान वर न करता म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असूनही कुणीतरी बोटाच्या पेरानं दोनदाच, हलकेच वाजवलं.

मी उघडलं. दारात साठीची एक बुटकी बाई उभी होती. घट्ट बांधलेला अंबाडा, गळ्यात मोजपट्टी, पायात घरातल्या सपाता आणि हातात आमची मोठी बॅग. प्रवासात बॅगेची चेन बिघडली होती आणि 'खाली एक बाई आहेत, त्या करून देतील' म्हणून मॉनिटर ती आदल्या दिवशी खाली देऊन आली होती.

"चेन चांगली आहे हो," बाई म्हणाल्या. "नुसता रनर गेला होता. उगाच पूर्ण बदलायची कशाला?"

मराठीत. खाली एक बाई आहेत एवढंच मॉनिटरनं सांगितलं होतं. त्या आपल्यातल्या आहेत हे नव्हतं सांगितलं. दोन विमानं बदलून इतक्या लांब आल्यावर जिन्यात कुणी 'उगाच कशाला' म्हणालं की माणूस विरघळतोच. मी बॅग घेतली ती घेतली, त्यांचा हातही धरला.

"अहो ताई, आत या ना. चहा होतोच आहे."

ताई म्हणताना मी काही विचार केला नव्हता. आपण भाजीवालीलाही ताई म्हणतो आणि बँकेतल्या खिडकीलाही. त्या मात्र जरा थांबल्या, सपाता दाराबाहेर काढल्या, त्यांची जोडी नीट भिंतीशी लावली आणि आत आल्या. मॉनिटरनं माझ्याकडे बघितलं. ती नजर ओळखीची होती. हॉस्टेलवर पाळी सोडून कुणी नळाला बादली लावली की ती अशीच बघायची.

आमचे हे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, मराठी ऐकून तसेच उलटे आत गेले आणि शर्ट घालून परत आले.

ताईंचं लक्ष नकाशाकडे गेलं. त्यांनी बोट ठेवलं. बोटाच्या टोकाला सुयांनी टोचून टोचून कातडी अशी जाड झाली होती की नकाशाचा कागद तिच्याखाली खरखरला.

"ह्या बंदरातली शिडं आमच्याकडे दर वर्षी येतात. वारा फार, कडेनं उसवतात. आणि ही इथली," बोट खाली सरकलं, "ही कधी फाटत नाहीत, नुसती बुरसटतात. माणसं आळशी. ओली तशीच गुंडाळून ठेवतात."

"चार वर्षं ह्या गावात राहतोय," भावोजी म्हणाले, "आम्हाला कुणी हे सांगितलं नाही."

"तुमचं शीड कुठंय, सांगायला?"

भावोजी खो खो हसले. मॉनिटरसुद्धा हसली.

मग चहाच्या एका कपात त्यांचं जेवढं आयुष्य मावलं तेवढं कळलं. समोर, रस्त्यापलीकडे, होड्यांची शिडं आणि आच्छादनं शिवण्याचा कारखाना आहे, तिथं चौतीस वर्षं काम. नवरा बंदरात इंजिनं दुरुस्त करायचा. लग्न होऊन त्याच्यामागे इथं आल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. मूलबाळ नाही. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. रविवारी दोघं बसनं किनाऱ्यावर फिरायची, जिथपर्यंत बस जाते तिथपर्यंत. बसच्या मार्गावरचं प्रत्येक गाव त्यांना नवऱ्याच्या आठवणीनं आणि शिडांच्या ठिगळांनी पाठ होतं.

"आणि हे?" मी नकाशाच्या टोकावर बोट ठेवलं. तिथं दीपगृहाचं छोटं चित्र होतं.

"ते राहिलं," ताई म्हणाल्या. "बस जात नाही तिथं. हे म्हणायचे, मोटार घेऊ तेव्हा जाऊ. मोटार काही घेतली नाही."

"मग शुक्रवारी आपण दीपगृहालाच जाऊ," मी म्हटलं.

"आपण?"

"हो, आपण. सकाळी लवकर निघू. दिवसभर मजा करू."

आणि मी दुसरा कप भरायला ओट्याकडे वळले.

शुक्रवारी दीपगृह हे मॉनिटरच्या पेन्सिलीनं आधीच लिहिलं होतं. मला म्हणायचं होतं आम्ही. आम्ही चौघं जाणार आहोत. पण आपल्या जिभेला 'आपण'ची फार सवय. ताप आला की डॉक्टर म्हणतात, आपण एक इंजेक्शन देऊ या, आणि घेतो एकटा आपण. 'आम्ही' म्हटलं की समोरच्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं, म्हणून चांगल्या घरातली माणसं 'आपण' म्हणून वेळ मारून नेतात. ताईंनी तो शब्द एकदा परत विचारला होता. मी दोनदा सांगितला.

त्या गेल्यावर मॉनिटर म्हणाली, "तू पण ना. आता रोज येतील बघ."

"येऊ देत की. एकट्या आहेत बिचाऱ्या."

"बिचाऱ्या म्हणायला तुझं काय जातं? तू शनिवारी विमानात बसणार. पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी दारात असायच्या. मी ऑफिसातून आलेली, पाय सुजलेले, आणि ह्या माझ्या नसलेल्या बटणांना काज करून द्यायला तयार. मी दुष्ट नाही गं. पण मलाही दार लावून बसावंसं वाटतं."

ते खरंही होतं. सगळ्या शेजाराचं मन राखायचं तर माणसानं नोकरी कधी करायची?

सोमवारी आम्ही मासेमारीचं बंदर बघितलं, मंगळवारी उंच कडे. संध्याकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरचं दार अगदी योगायोगानं उघडायचं आणि ताई कचऱ्याची रिकामी बादली घेऊन उभ्या असायच्या.

"कड्याच्या मागच्या बाजूला गेला होतात? पुढून सगळेच बघतात."

"गेलो होतो ताई. तुम्ही म्हणालात तसंच. वारा असा की ह्यांची टोपी गेली."

"टोपी गेली ते बरं झालं," त्या ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला शोभत नव्हती." दोन दिवसांची ओळख आणि ह्यांची अशी फिरकी. ह्यांनाही ते आवडलं. मॉनिटर तोवर दोन पायऱ्या वर जाऊन किल्ल्या वाजवायची.

बुधवारी सकाळपासून पावसाची झड लागली आणि बेत रद्द झाला. ताईंनी मला कारखाना बघायला बोलावलं होतं. मी एकटीच गेले.

दारातच चपला काढाव्या लागल्या. आत लांबच लांब हॉल होता आणि त्याची लाकडी जमीन आरशासारखी गुळगुळीत, कारण कापड त्या जमिनीवर पसरूनच बेततात आणि कापडाला खडा लागता कामा नये. बायका मोज्यांवर वावरत होत्या. शिवणयंत्रं टेबलावर नव्हती. जमिनीत चौकोनी खड्डे केले होते, खड्ड्यात खुर्ची, आणि यंत्राचा माथा जमिनीच्या पातळीला. म्हणजे खोलीएवढं शीड जमिनीवरून नुसतं सरकवत आणायचं. बायका कमरेपर्यंत जमिनीत पुरल्यासारख्या बसल्या होत्या आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या कापडाच्या लाटा. ताईंचा खड्डा खिडकीशी होता. तळहातावर चामड्याची पट्टी, तिच्यात लोखंडी चकती, आणि त्या चकतीनं त्या जाड सुई सहा पदरांतून आरपार ढकलत होत्या. दोऱ्याला मेण.

"मान वर केली की माझी खिडकी दिसते," त्या म्हणाल्या. रस्त्यापलीकडे खरोखरच त्यांची खिडकी होती. आतला दिवा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं दिसत होतं. "दिवा राहिला का, ते इथनं कळतं. ह्या सगळ्याच सांगतात मला, आज दिवा राहिलाय म्हणून. चोर यायचा असेल तर ह्यांची परवानगी घेऊन यावं लागेल."

मग त्यांनी मोठ्यानं, तिथल्या भाषेत काहीतरी सांगितलं. यंत्रं थांबली. पाच-सहा माना आमच्याकडे वळल्या.

"काय सांगितलंत?"

"माझ्या माहेरची आहे म्हटलं. थोडं जास्तच झालं, पण त्यांना काय कळतंय?"

मी हसले. सगळ्या हसल्या. चष्म्याला दोरी लावलेल्या एका बाईनं बोट डोक्यावर धरलं आणि गोल गोल फिरवलं, डोळे मिचकावत, दिवा फिरतो तसं. मीही मान हलवली. जाडजूड सुपरवायझरबाई खड्ड्यांमधून वाट काढत आली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरलं. शुक्रवारच्या चौकटीत लाल पेनाची फुली होती. ती फुलीवर बोट आपटत बरंच काही बोलली आणि ताईंच्या पाठीवर थाप मारली. ताई खाली बघून दोऱ्याला मेण लावत होत्या. कानाच्या पाळ्या लाल.

"काय म्हणतात त्या?"

"काही नाही. शुक्रवारी मजा करा म्हणतात."

"करणार तर," मी म्हटलं.

फुली कसली, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, कुठलं तरी शीड द्यायचं असेल त्या दिवशी. नजर बारीक असल्याचा मला जरा अभिमान आहे. दुकानातल्या पिशवीला पडलेलं भोक मला आधी दिसतं. ते भोक नाही दिसलं.

गुरुवारी संध्याकाळी जिन्यात ताई भेटल्या. बादली नव्हती.

"उद्या सात ना?"

"हो, सातला निघायचं."

"डबा मी करते. तुम्ही काही करत बसू नका."

"अहो, कशाला त्रास?"

"त्रास कसला? आपलंच तर आहे."

मी वर जाऊन मॉनिटरला सांगितलं की ताई आपल्याला डबा देणार आहेत. ती म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?" पण फ्रिजमधून काढलेला ब्रेड तिनं परत आत ठेवला.

शुक्रवारी मॉनिटरनं सहालाच सगळ्यांना उठवलं. दीपगृहाकडे समुद्रातून एक दगडी बांध जातो आणि भरती आली की तो पाण्याखाली जातो. तिनं भरतीचं कोष्टक पुन्हा बघितलं तेव्हा कळलं की सातला निघून चालणार नाही. साडेसहाला निघालं तरच जाऊन येणं जमेल.

"ताईंचा डबा?" मी विचारलं.

"झाला नसेल एवढ्यात. राहू दे. त्या झोपल्या असतील, उगाच उठवायला नको. वाटेत काहीतरी खाऊ."

आम्ही चौघं जिना उतरायला लागलो. पुढे मॉनिटर, मागे भावोजी, मग हे, शेवटी मी. मॉनिटरनं तोंडावर बोट ठेवलं आणि आम्ही सगळे चवड्यांवर उतरलो, हॉस्टेलवर उशिरा आल्यावर उतरायचो तसे.

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं, वीतभर. बाहेर भिंतीशी काळ्या बुटांची जोडी, नुकतीच पॉलिश केलेली, टोकं जिन्याच्या दिशेनं. बुटांशेजारी कापडी पिशवी. पिशवी तोंडाशी उघडी होती आणि आत डब्याचे थर. त्यांच्या वर कागदी ताटल्या, चमचे आणि घडी केलेले कापडी रुमाल. रुमाल पाच होते. दाराच्या फटीतून ताई दिसल्या. पाठमोऱ्या. निळा, कडक इस्त्रीचा पोशाख, आणि आरशासमोर उभ्या राहून अंबाड्यात आकडे खोचत होत्या. एक आकडा तोंडात धरलेला.

मी थांबले. सगळं एका क्षणात कळलं. कॅलेंडरवरची रजेची फुली, डोक्यावर फिरलेलं बोट, आपलंच तर आहे.

खालून मॉनिटर कुजबुजली, "चल ना."

आणि मी चवड्यांवर खाली गेले.

गैरसमज झाला, असं पुढे मी दोन-तीन माणसांना सांगितलं आहे. ते पूर्ण खरं नाही. शुक्रवारी सकाळी साडेसहापर्यंत तो गैरसमज होता. त्यानंतर मला माहीत होतं.

गाडीत पुढे ती दोघं, मागे आम्ही दोघं. मधली पाचवी जागा होती. तिथं आमची जॅकेटं बसली होती.

'थांबा' म्हणायला मला एक शब्द लागला असता. पहिल्या सिग्नलला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, मॉनिटर नजर टाकेल. आपण पाहुणे, तिची रजा, तिचं पेट्रोल, तिचा भरतीचा हिशेब. दुसऱ्या सिग्नलला वाटलं, आता परत गेलो तर भरती गाठणार नाही. तिसऱ्या सिग्नलनंतर सातही वाजून गेले, आणि मग तर ताईंना काय तोंड दाखवायचं म्हणून पुढे जाणंच बरं वाटायला लागलं. हे सगळे विचार मी केले. खरं कारण एवढंच की मला चार जणांत अवघड व्हायचं नव्हतं. दाराआडच्या एका माणसाला अवघड झालं तर ते मला बघावं लागणार नव्हतं.

बांधावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना पाणी, दगडांवर शेवाळ. मॉनिटर आणि भावोजी दीपगृहाच्या पायऱ्या चढायला लागले. मी म्हटलं, माझा गुडघा दुखतोय, तुम्ही जा.

हे मागे राहिले. "गुडघा कधीपासून?"

मी सांगितलं. सगळं, बूट आणि रुमालांसकट.

"मग दारात का नाही बोललीस?" ह्यांनी विचारलं. एरवी हे कशाचीही चेष्टा करतात. तेव्हा केली असती तर मी वाचले असते. उत्तराची वाट बघून मग तेही वर गेले. मी खालच्या बाकावर दीड तास बसले. समुद्राकडे पाठ होती. समोर दीपगृहाची भिंत, चुन्याचे पापुद्रे निघालेली.

परतताना गाडीत मी मॉनिटरला सांगितलं. म्हटलं, ताई आपल्याबरोबर यायच्या तयारीत होत्या, मी सोमवारी बोलून बसले होते.

तिनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "अगं, मग सांगायचं ना मला. जॅकेटं डिकीत टाकली असती."

एवढंच. नजर नाही, काही नाही. मी दिवसभर जिचा धाक धरला होता ती मला कुठं भेटलीच नाही.

साडेचारला घरी पोचलो. इमारतीसमोर उतरल्यावर मी वर बघितलं. ताईंच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. समोरच्या कारखान्यात दिवे होते, यंत्रांची घरघर रस्त्यावर येत होती. मॉनिटर म्हणाली, मी येते तुझ्याबरोबर. मी नको म्हटलं.

दार लावलेलं होतं. बूट आत गेले होते. मी बेल न वाजवता बोटानं दोनदा वाजवलं.

"उघडंच आहे," आतून आवाज आला.

आत अंधुक होतं. पडदा जाड, बहुतेक शिडाच्याच कापडाचा. ताई खिडकीपासून लांब, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. तोच निळा पोशाख, मांडीवर कडक इस्त्रीची घडी अजून तशीच. अंबाडा जागच्या जागी. टेबलावर पिशवी.

"बसा," त्या म्हणाल्या. "दिवा लावता येणार नाही, समोरनं दिसतं. घरचं शिवणयंत्रही सुरू केलं नाही. त्याचा आवाज ओळखतात त्या."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. समोरच्या सगळ्या जणींच्या हिशेबी ताई आज दीपगृहावर होत्या. म्हणून सकाळपासून त्या स्वतःच्या घरात लपून बसल्या होत्या.

"ताई, माझं चुकलं. मी आपण म्हणाले, आणि मला..."

"तुमचं कसलं चुकलं? इथल्या भाषेत एकच शब्द आहे, आपण म्हणा नाहीतर आम्ही म्हणा. चौतीस वर्षं कुणी म्हणालं, जाऊ या, की मी आधी विचारते, मला धरून की मला सोडून? सवयच लागलीय. मराठीत विचारावं लागत नाही, म्हणून विचारलं नाही." त्यांनी मांडीवरच्या घडीवरून बोट फिरवलं. "म्हणजे विचारलं. एकदा."

"नाही ताई. ऐका माझं. सोमवारचं सोडा. आज सकाळी मी दारात थांबले होते. बूट बघितले, पिशवी बघितली. तुम्ही आरशासमोर होतात. मला कळलं होतं. तरी गेले."

मला वाटलं, आता त्या जा म्हणतील.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चार माणसं चवड्यांवर उतरली की हा जिना जास्तच करकरतो. तिघांचे पाय खाली गेले, एकाचे इथं थांबले. मी म्हटलं, हाक येईल. तोंडात आकडा होता, म्हणून मला बोलता आलं नाही." आणि त्या हसल्या. "बोलता आलं असतं. आकडा काढायला किती वेळ लागतो?"

मला रडू यायला लागलं. ते थांबवण्यासाठी मी बोलत सुटले. उद्या जाऊ. आमचं विमान दुपारचं आहे. पहाटे निघू, मॉनिटर नेईल, तिनं स्वतः म्हटलंय, जॅकेटं डिकीत टाकू. हे घरी थांबतील. नाहीतर पुढच्या महिन्यात तुम्ही आणि मॉनिटर जा, मी तिच्याकडून वचन घेते. मी त्यांचा हात धरला होता, सोमवारी धरला तसाच.

त्यांनी तो सोडवून घेतला. ओढून नाही. सुई नीट ठेवावी तसा माझा हात माझ्या मांडीवर ठेवला.

"उद्या शनिवार, मला एकपर्यंत काम आहे. आणि पहाटे तुम्ही सामान बांधायचं की मला फिरवायचं? तुमच्या मैत्रिणीला वचनबिचन काही घालू नका. मला त्यांच्याच खाली राहायचंय, वर बघताना ओशाळं वाटायला नको, मलाही आणि त्यांनाही. डबा घेऊन जा. बटाट्याची भाजी आहे, संध्याकाळपर्यंत टिकते. पाच जणांची आहे, तुम्ही चौघं खाल. तुमचे हे तर दोघांचं खातील."

त्या उठल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. मला वाटलं, संपलं, आता उठायचं. मी उठलेही.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुम्ही मनाला एवढं लावून घेतलंय, तर माझं एक काम करा."

"सांगा ना ताई. काहीही सांगा."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. पडद्यापलीकडून यंत्रांचा आवाज येत होता.

"उद्या सकाळी आठला सगळ्या जणी मला घेरून विचारतील. माझ्याकडे सांगायला काही नाही. तुम्ही वर जाऊन आलात, तर सगळं नीट सांगा. पायऱ्या किती, आत अंधार आहे का, वरून कोणकोणती गावं दिसतात. सावकाश सांगा, मी पाठ करते."